आधी जपा, मग कळवा, शेवटी ब्लॉक करा: बेकायदेशीर ऑनलाइन मजकुराच्या तक्रारीचा योग्य क्रम

धमकीचा संदेश, आपल्या नावाचे बनावट खाते, संमतीशिवाय पसरवलेले खासगी छायाचित्र किंवा फसवणुकीची वेबसाइट यांपैकी काही समोर आले की बहुतेक जण ठरावीक क्रमाने वागतात. ते प्रथम समोरच्याला ब्लॉक करतात, मग संतापाने किंवा किळस येऊन सगळे संभाषण पुसून टाकतात, त्यानंतर ओळखीच्या गटांत ‘या माणसापासून सावध राहा’ असे लिहून तीच लिंक पुढे पाठवतात, आणि दोन-चार दिवसांनी तक्रार करायला जातात. तिथे पहिला प्रश्न असतो की तो मजकूर नेमका कोणत्या पत्त्यावर होता, आणि त्याचे उत्तर त्यांच्याजवळ उरलेले नसते. गुन्हा घडलेला असतो आणि तक्रारही खरी असते, पण क्रम उलटा झाल्यामुळे ती लंगडी पडते.

हा लेख त्या क्रमाविषयी आहे. पुरावा जपणे, कळवणे आणि ब्लॉक करणे हा सर्वसाधारण क्रम झाला. मात्र त्याला दोन ठळक अपवाद आहेत आणि ते माहीत नसल्यास चांगल्या हेतूने केलेली कृतीसुद्धा आपल्यालाच अडचणीत आणू शकते. म्हणून वेळ कितीही कमी असला तरी पहिला टप्पा वगळू नये.

टप्पा 1: समोर काय आले आहे ते आधी ठरवा

काहीही दाबण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबून पुढील चार प्रश्न याच क्रमाने स्वतःला विचारावेत.

1. कोणाच्या जिवाला आत्ता, या क्षणी धोका आहे का? कोणी आत्महत्येचे थेट प्रक्षेपण करत असेल, हल्ल्याची वेळ व जागा सांगत असेल किंवा एखाद्या मुलाला भेटायला बोलावले गेले असेल, तर स्थानिक आपत्कालीन क्रमांकावर आधी फोन करावा. समाजमाध्यमाच्या तक्रार-अर्जामागे कोणी माणूस त्या क्षणी बसलेला असेलच असे नाही.

2. पैसे गेले आहेत का, किंवा ओटीपी, कार्डाचा तपशील, बँकेचा पासवर्ड कोणाला दिला गेला आहे का? तसे असल्यास पुरावा गोळा करण्याचे काम नंतरचे. आधी बँकेला कळवून व्यवहार अडवण्यास आणि कार्ड किंवा खाते गोठवण्यास सांगावे. फसवणुकीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फार झपाट्याने हलवली जाते, त्यामुळे स्क्रीनशॉट नीट लावण्यात घालवलेली वीस मिनिटे महागात पडतात. हा पहिला अपवाद.

3. मजकुरात अठरा वर्षांखालील मुलाचे लैंगिक चित्रण आहे का? हा दुसरा अपवाद आणि तो अधिक गंभीर आहे. असा मजकूर जतन करणे, त्याचा स्क्रीनशॉट काढणे, तो डाउनलोड करणे किंवा ‘हे बघा काय चालले आहे’ म्हणून कोणालाही पाठवणे हे बहुतेक देशांत स्वतंत्र गुन्हे आहेत, आणि तक्रार करण्याचा हेतू हा आपोआप बचाव ठरत नाही. इथे फक्त पानाचा पत्ता, खात्याचे नाव, दिनांक आणि वेळ एवढेच शब्दांत लिहून घ्यावे, पान बंद करावे आणि थेट टप्पा 6 गाठावा.

4. वरीलपैकी काहीच नसेल, तर हा मजकूर बेकायदेशीर आहे, केवळ त्या व्यासपीठाच्या, म्हणजे तो जिथे आला त्या समाजमाध्यमाच्या किंवा ॲपच्या, नियमांविरुद्ध आहे, की फक्त आपल्याला न आवडणारा आहे? धमकी, खंडणी, तोतयेगिरी, संमतीशिवाय पसरवलेले खासगी चित्रण आणि आर्थिक फसवणूक हे प्रकार बहुतेक ठिकाणी कायद्याच्या कक्षेत येतात. बदनामी, अश्लीलता आणि द्वेषमूलक भाषण यांच्या व्याख्या मात्र देशागणिक बदलतात. बोचरी टीका, असभ्य विनोद किंवा चुकीची माहिती ही दरवेळी बेकायदेशीर असतेच असे नाही, आणि अशा मजकुरासाठी पोलिसांकडे धाव घेतल्याने आपली पुढची खरी तक्रारही हलकी ठरते.

इशारा: लहान मुलांविषयीचा मजकूर एकदा दिसला म्हणून ‘आणखी पुरावे मिळवावेत’ या हेतूने तो शोधत फिरू नये. अचानक समोर आलेले कळवणे आणि मुद्दाम शोधणे यांत कायदा फरक करतो.

टप्पा 2: तक्रार करण्याआधी स्वतःचे दार लावा

तक्रार केल्याचे समोरच्याला कळले किंवा त्याचे खाते बंद झाले की पुष्कळदा तो चिडून उलट हल्ला करतो. म्हणून स्वतःची खाती आधीच सुरक्षित केलेली असावीत. यातही क्रम चुकतो. लोक ज्या ॲपवर त्रास झाला त्याचाच पासवर्ड आधी बदलतात, पण ईमेलचे खाते दुसऱ्याच्या हातात असेल तर तो नवा पासवर्डही तिथूनच पुन्हा बदलला जातो.

प्रथम ईमेल, मग बँक, मग समाजमाध्यमे असा क्रम ठेवावा. ईमेलच्या सुरक्षा विभागात सध्या कोणकोणत्या उपकरणांवर खाते उघडे आहे याची यादी दिसते. त्यात अनोळखी उपकरण आढळले तर ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हे बटण दाबण्याची घाई करू नये; त्या यादीचा स्क्रीनशॉट आधी घ्यावा. उपकरणाचे नाव, ठिकाण आणि वेळ तिथे असते, आणि बाहेर काढल्यावर ती नोंद तशीच राहील याची खात्री नसते. त्यानंतर उपकरणे बाहेर काढावीत, नवा आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवावा, द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) सुरू करावी आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन क्रमांक व पर्यायी ईमेल आपलाच आहे ना हे पाहावे. शेवटी ईमेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा एखादा नियम कोणी लावून ठेवला आहे का, हेही तपासावे. पासवर्ड बदलला तरी हा नियम चालूच राहू शकतो आणि तिकडे फारसे कोणी पाहत नाही.

इशारा: त्रास देणारी व्यक्ती घरातलीच किंवा पूर्वीची जोडीदार असेल आणि तिचा हात आपल्या फोनपर्यंत पोहोचत असेल, तर हे सर्व त्या फोनवरून करू नये. पाळत ठेवणारे ॲप त्यात असू शकते. विश्वासातल्या व्यक्तीचे किंवा कामाच्या ठिकाणचे उपकरण वापरावे. पाळतीचे ॲप सापडले तरी ते लगेच काढल्यास समोरच्याला सुगावा लागतो, म्हणून आपल्या सुरक्षेची सोय झाल्याशिवाय त्याला हात लावू नये.

टप्पा 3: पुरावा जपा

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. पुरावा म्हणजे स्क्रीनशॉट असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात स्क्रीनशॉट हा पुराव्याचा सर्वांत दुबळा भाग आहे, कारण तो कोणीही बनवू शकतो आणि त्यावरून व्यासपीठाला तो मजकूर शोधता येत नाही. खरी किल्ली म्हणजे पत्ता.

1. लिंक घ्या. पोस्ट, टिप्पणी, व्हिडिओ आणि खाते या प्रत्येकाची लिंक वेगळी असते. खात्याची लिंक दिली आणि पोस्टची दिली नाही, तर तपासणाऱ्याला शेकडो पोस्टमधून ती शोधावी लागते आणि बहुधा तो शोधत नाही. पोस्टशेजारच्या ‘शेअर’ किंवा तीन ठिपक्यांच्या पर्यायात ‘लिंक कॉपी करा’ मिळते. ती जशीच्या तशी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवावी, हाताने उतरवू नये, कारण इंग्रजीतला लहान एल आणि मोठा आय दिसायला सारखेच असतात.

2. खात्याची ओळख नोंदवा. वर दिसणारे नाव आणि खात्याचे वापरनाव या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही बदलता येतात, आणि तक्रारीची चाहूल लागताच ती बदललीही जातात. म्हणून दोन्ही लिहावीत. खात्याचा न बदलणारा अंकी क्रमांक किंवा त्याला जोडलेला फोन क्रमांक दिसत असेल तर तोही लिहावा.

3. वेळ नेमकी करा. अनेक ॲप ‘2 तासांपूर्वी’, ‘काल’ अशी वेळ दाखवतात. स्क्रीनशॉट महिनाभराने पाहिला की त्या ‘काल’ला काही अर्थ उरत नाही. पुष्कळ ठिकाणी त्या वेळेवर बोट किंवा माउस ठेवल्यास पूर्ण दिनांक व वेळ दिसते. ती टिपावी आणि ती कोणत्या प्रमाणवेळेतली आहे हेही लिहावे, कारण कंपन्यांच्या नोंदी सहसा जागतिक समन्वित वेळेत (यूटीसी) असतात आणि काही तासांच्या फरकाने दिनांकच बदलू शकतो.

4. आता स्क्रीनशॉट काढा. संगणकावर काढत असाल तर पत्त्याची पट्टी आणि घड्याळ दोन्ही चौकटीत येऊ द्या. फक्त आक्षेपार्ह वाक्य कापून ठेवू नका. त्याच्या आधीचे व नंतरचे संभाषणही घ्या, त्यात आपण रागाच्या भरात लिहिलेले असले तरी. एक बाजू गाळलेला पुरावा उघडकीस आला की उरलेल्यावरचाही विश्वास जातो. संभाषण लांब असेल तर पडद्याचे ध्वनिचित्रमुद्रण करावे: आधी समोरच्याचे प्रोफाइल उघडून दाखवावे, मग त्याच सलग चित्रीकरणात संदेशांवरून हळूहळू खाली यावे. यामुळे ते संदेश त्याच खात्याचे आहेत ही साखळी दिसते, जी सुट्या स्क्रीनशॉटमध्ये तुटते.

5. मूळ वस्तू तशीच ठेवा. ईमेल पुढे पाठवल्यास त्याचा मूळ शीर्षलेख, म्हणजे तो कोणकोणत्या सर्व्हरवरून आला याची माहिती, सोबत जात नाही. म्हणून ईमेल फॉरवर्ड न करता ‘मूळ संदेश दाखवा’ या पर्यायातून पूर्ण फाइल उतरवून ठेवावी. व्हॉट्सॲपवर ‘चॅट एक्सपोर्ट’ आहे, पण मूळ संभाषण फोनमध्ये ठेवूनच तो वापरावा. चित्र साध्या पद्धतीने पाठवले की त्याची फाइल दाबून लहान केली जाते आणि त्यातली अंगभूत माहिती निघून जाते, त्यामुळे पुराव्याची प्रत पाठवायची वेळ आली तर ती दस्तऐवज म्हणून पाठवावी.

6. क्षणात नाहीसे होणारे संदेश. काही ॲप स्क्रीनशॉट घेतल्याचे समोरच्याला कळवतात, काही तो घेऊच देत नाहीत. अशा वेळी दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढावा. दिसायला गबाळा वाटला तरी तो पुरावाच असतो.

हे सगळे एका फोल्डरमध्ये ठेवून फाइलींना दिनांकानुसार नावे द्यावीत आणि एक प्रत त्या फोनबाहेर, पेनड्राइव्हवर ठेवावी. चित्रांवर बाण काढायचे, रंगीत चौकोन ओढायचे तर ते प्रतीवर. मूळ फाइल संपादकात उघडूसुद्धा नये.

इशारा: सार्वजनिक पान पुराव्यासाठी एखाद्या सार्वजनिक संग्रह-सेवेत साठवण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. फसवणुकीच्या वेबसाइटसाठी तो योग्य आहे. खासगी छायाचित्र, घरचा पत्ता किंवा फोन क्रमांक असलेल्या पानासाठी तो घातक आहे, कारण जे काढून टाकायचे त्याचीच आणखी एक जाहीर प्रत आपण स्वतः तयार करतो.

तपासणी: लिंक एखाद्या अशा ब्राउझरमध्ये उघडून पाहा जिथे आपण लॉगिन केलेले नाही. तिथे पान उघडले तर मजकूर सर्वांना दिसतो आहे. न उघडल्यास तो मर्यादित गटात असू शकतो, आणि तक्रारीत तसे लिहावे लागेल. लहान मुलांच्या मजकुराबाबत आणि फसवणुकीच्या संशयित लिंकबाबत ही तपासणी करू नये.

टप्पा 4: तक्रारीचा मसुदा आधी लिहून ठेवा

अर्ज उघडल्यावर त्यात थेट टंकायला सुरुवात केली की माणूस भावनेने लिहितो. पाचशे अक्षरांची मर्यादा ‘मला खूप त्रास होत आहे, कृपया काहीतरी करा’ यातच संपते. मसुदा आधी लिहावा, आणि त्यात कोणी, काय, कुठे, केव्हा, ते बेकायदेशीर का वाटते आणि आपल्याला काय हवे, एवढ्या सहा गोष्टी असाव्यात. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा 17 फेब्रुवारी 2024 पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमात तक्रारीत काय असावे हे दिले आहे: आक्षेपाचे सकारण स्पष्टीकरण, मजकुराचा नेमका पत्ता, तक्रारदाराचे नाव व ईमेल, आणि माहिती सद्भावनेने दिल्याचे विधान. बालकांच्या लैंगिक शोषणासंबंधीच्या तक्रारींना त्यात नाव-ईमेलच्या अटीतून सूट आहे. आपण युरोपात राहत नसलो तरी ही चौकट कुठल्याही तक्रारीला चालते.

नमुना असा असू शकतो:

‘पुढील लिंकवरील खाते माझे नाव आणि माझे छायाचित्र वापरून उघडलेले आहे. ते मी उघडलेले नाही. या खात्यावरून अमुक दिनांकाला, अमुक वेळी, माझ्या तीन परिचितांकडे पैशांची मागणी करण्यात आली. त्या संदेशांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. ही तोतयेगिरी आणि फसवणूक आहे. खाते बंद करावे आणि त्यासंबंधीच्या नोंदी तपास यंत्रणेसाठी जतन कराव्यात, ही विनंती. वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.’

यात विशेषणे नाहीत हे लक्षात घ्यावे. ‘नीच’, ‘विकृत’ या शब्दांनी वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘तीन परिचितांकडे पैशांची मागणी’ या शब्दांनी कळते. ज्याची शंका आहे पण खात्री नाही, अशा व्यक्तीचे नाव ‘गुन्हेगार’ म्हणून लिहू नये. ‘मला संशय आहे आणि त्याचे कारण असे’ एवढेच लिहावे.

टप्पा 5: व्यासपीठाकडे तक्रार

धमकी, खंडणी किंवा पाठलाग असेल तर हा आणि पुढचा टप्पा एकाच दिवशी, आणि शक्यतो पोलिसांचा टप्पा आधी करावा, हे माझे स्पष्ट मत आहे. व्यासपीठाने मजकूर काढला की तो आपल्याला दिसेनासा होतो, आणि तोपर्यंत अधिकाऱ्याने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असेल तर बराच फरक पडतो. बाकी प्रकारांत इथून सुरुवात करायला हरकत नाही.

1. विशिष्ट पोस्ट किंवा संदेश कळवा, नुसते खाते नाही. खात्यावरच्या तक्रारीत तपासणारा वरवर प्रोफाइल पाहतो आणि आक्षेपार्ह पोस्ट चाळीस पोस्टखाली असेल तर ‘उल्लंघन आढळले नाही’ असे उत्तर येते. पोस्ट कळवल्यानंतर खाते वेगळे कळवावे.

2. वर्ग काळजीपूर्वक निवडा. ‘मला हे आवडत नाही’ हा पर्याय निवडल्यास अनेकदा ती तक्रार कोणाकडे जातच नाही, फक्त तसा मजकूर आपल्याला कमी दाखवला जातो. नग्नता आणि संमतीशिवाय पसरवलेले खासगी चित्रण हे दोन वेगळे वर्ग आहेत. दुसऱ्याची दखल सहसा अधिक तातडीने घेतली जाते.

3. ‘बेकायदेशीर मजकूर’ असा वेगळा अर्ज असल्यास तोही भरा. ॲपमधले तक्रारीचे बटण प्रामुख्याने कंपनीच्या नियमांची तपासणी करते, आणि कायद्यासंबंधीचा अर्ज पुष्कळदा मदत-विभागात खोल कुठेतरी असतो.

4. तोतयेगिरीत शक्यतो ज्याच्या नावाचे खाते आहे त्यानेच तक्रार करावी.

व्हॉट्सॲपबाबत एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. तिथे एखाद्या व्यक्तीची किंवा गटाची तक्रार केली की तिकडून आपल्याला आलेले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात. धमकी आठवड्यापूर्वीची असेल आणि त्यानंतर ‘हॅलो’, ‘उत्तर दे’ असे पाच संदेश आले असतील, तर कंपनीला ते पाचच दिसतात. म्हणून तो नेमका संदेश दाबून धरून त्याचीच तक्रार करावी. तक्रारीच्या वेळी ब्लॉक करण्याचा किंवा चॅट हटवण्याचा पर्याय समोर येतो. तिथली खूण न वाचता पुढे जाऊ नये.

शंभर मित्रांना सांगून एकच पोस्ट शंभरदा कळवण्याने फारसे साधत नाही. नीट वर्गात टाकलेली आणि कारण दिलेली एक तक्रार अधिक उपयोगी पडते.

तपासणी: तक्रार क्रमांक किंवा पोचपावतीचा ईमेल आला का? आला नसेल तर ‘तक्रार मिळाली’ असे दाखवणाऱ्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या.

टप्पा 6: पोलीस आणि हॉटलाइन

कोणाकडे जायचे हे दोन गोष्टींवर ठरते: आपण कुठे राहतो आणि मजकूर कोणत्या प्रकारचा आहे. वेबसाइट कोणत्या देशात चालते याची काळजी तक्रारदाराने करायची नसते. भारतात राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे आणि आर्थिक फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे. महिला व बालकांविषयीच्या तक्रारी त्या पोर्टलवर नाव न देताही करता येतात. अमेरिकेत बालकांविषयीची तक्रार 1998 पासून चालणाऱ्या सायबरटिपलाइनकडे आणि फसवणुकीची तक्रार एफबीआयच्या आयसी3 या केंद्राकडे जाते. ब्रिटनमध्ये 1996 साली स्थापन झालेले इंटरनेट वॉच फाउंडेशन बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण हटवण्याचे काम करते, ऑस्ट्रेलियात ई-सेफ्टी आयुक्त आहेत आणि कॅनडात सायबरटिप. अनेक देशांतील अशा हॉटलाइनना, म्हणजे तक्रार स्वीकारणाऱ्या केंद्रांना, जोडणारे इनहोप नावाचे जाळे 1999 पासून आहे. एका देशात कळवलेला पत्ता ज्या देशात साठवलेला असेल तिथल्या हॉटलाइनकडे पोहोचवणे हे त्याचे काम आहे.

बालकांविषयीची तक्रार हॉटलाइनकडे करताना फक्त पत्ता द्यायचा असतो, चित्र जोडायचे नसते. तो मजकूर एखाद्या चॅटगटात न मागता आला असेल तर तो पुढे न पाठवता, फोन तसाच ठेवून, काय करावे हे पोलिसांना किंवा हॉटलाइनला विचारावे. बोलताना आणि लिहिताना ‘चाइल्ड पॉर्न’ हा शब्द टाळावा. त्यात संमतीची आणि मनोरंजनाची छटा येते म्हणून या क्षेत्रात काम करणारे ‘बाल लैंगिक शोषणाचे चित्रण’ असेच म्हणतात.

नाव न देता तक्रार करावी की नाव देऊन? केवळ माहिती द्यायची असेल तर नाव न देणे पुरेसे आहे. आपण स्वतः पीडित असू आणि पुढे काय झाले हे कळायला हवे असेल, तर नाव द्यावे लागते, कारण निनावी तक्रारीचा पाठपुरावा करणे अवघड असते.

पोलिसांकडे जाताना लिंकची यादी कागदावर छापून आणि फाइल म्हणूनही न्यावी. ‘कंपनीकडच्या नोंदी जतन करण्याची विनंती पाठवावी’ असे अर्जातच स्पष्ट लिहावे. कोणत्या खात्यात कुठून लॉगिन झाले याच्या नोंदी कंपन्या कायम ठेवत नाहीत. सायबर गुन्ह्यांविषयीच्या 2001 च्या आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट करारात नोंदी तातडीने जतन करण्याची तरतूद आहे ती याचसाठी. तिची मुदत कमाल 90 दिवस असते आणि ती पुन्हा वाढवता येते. म्हणजे आपल्या पुराव्याचा मोठा भाग आपल्या फोनमध्ये नसून कुणाच्या तरी सर्व्हरवर असतो आणि तो रोज थोडा थोडा पुसला जात असतो.

टप्पा 7: खासगी छायाचित्रांसाठी आणखी एक पाऊल

घाबरलेली व्यक्ती सर्वप्रथम आपल्या फोनमधले ते छायाचित्र नष्ट करते. हे करू नये. प्रौढ व्यक्तींसाठी स्टॉपएनसीआयआय ही सेवा डिसेंबर 2021 पासून आहे आणि तिला मूळ फाइलची गरज असते. ती आपल्याच फोनवर त्या छायाचित्राचा ‘हॅश’, म्हणजे अंकी ठसा, तयार करते. छायाचित्र फोनमधून बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि सहभागी कंपन्या तो आपल्याकडच्या चित्रांशी जुळवून पाहतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या बनावट चित्रांसाठीही ती वापरता येते. चित्रातल्या व्यक्तीचे वय तेव्हा अठरापेक्षा कमी असेल, तर अमेरिकेतील नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची टेक इट डाउन ही वेगळी सेवा आहे. तिथे हे काम मुलाच्याच उपकरणावरून व्हावे. पालकांनी ते चित्र स्वतःच्या फोनवर मागवून घेऊ नये.

या सेवांची मर्यादाही सांगायला हवी. सहभागी नसलेल्या वेबसाइटवर त्यांचा काही उपयोग नाही, आणि चित्र कापले किंवा बरेच बदलले तर ठसा जुळेलच असे नाही. मजकूर अजून कुठे प्रसिद्ध झालेला नसेल आणि फक्त धमकी दिली जात असेल, तेव्हा त्यांचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

इशारा: खंडणी मागितली जात असेल तर पैसे देऊ नयेत. एकदा पैसे मिळाले की मागणी थांबत नाही, वाढते. वाद घालू नये, विनवण्याही करू नयेत. उत्तर देणे थांबवावे. स्वतःचे खातेही भीतीपोटी कायमचे हटवू नये, कारण त्यातले संभाषण त्यासोबत जाते. हवे तर काही दिवस तात्पुरते निष्क्रिय करावे.

टप्पा 8: मजकूर स्वतंत्र वेबसाइटवर असेल तर

इथे तक्रारीचे बटण नसते आणि मालक उत्तर देत नाही. अशा वेळी वेबसाइटच्या पाठीमागच्या सेवांकडे जावे लागते. आयकॅन ही वेबसाइटच्या नावांची व्यवस्था पाहणारी संस्था; तिच्या नोंदणी-शोध पानावर वेबसाइटचे नाव टाकले की ते कोणत्या कंपनीकडे नोंदवले आहे आणि गैरवापराची तक्रार कोणत्या ईमेलवर करायची हे कळते. आयकॅनच्या एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या करारबदलांनुसार बनावट वेबसाइटमार्फत माहिती चोरणे किंवा घातक सॉफ्टवेअर पसरवणे यांविषयी सबळ पुरावा मिळाल्यास नोंदणी कंपन्यांना कारवाई करावी लागते. बदनामी किंवा छायाचित्रांबाबत मात्र त्या सहसा हात वर करतात, आणि मग जिथे फाइली प्रत्यक्ष साठवलेल्या आहेत त्या होस्टिंग कंपनीकडे जावे लागते. वेबसाइट आणि वाचक यांच्यामध्ये उभ्या असलेल्या एखाद्या संरक्षक सेवेमागे वेबसाइट असेल तर ती सेवा तक्रार होस्टकडे पाठवते. अर्ज भरताना आपले नाव पुढे कळवण्याबाबतचा पर्याय वाचावा, नाहीतर ज्याच्यापासून लपायचे त्याच्याच हाती आपला ईमेल पडू शकतो.

शोधयंत्राकडे संमतीशिवाय पसरवलेल्या चित्रांसाठी स्वतंत्र अर्ज असतो. त्याने मजकूर नष्ट होत नाही, शोधात दिसणे बंद होते. तरीही नावाने शोधणाऱ्या नातेवाइकाला किंवा नोकरी देणाऱ्याला तो दिसत नाही, हा दिलासा लहान नाही.

टप्पा 9: पाठपुरावा, आणि आता ब्लॉक

एका वहीत किंवा तक्त्यात लिंक, कोणाकडे कळवले, दिनांक, तक्रार क्रमांक, उत्तर आणि पुढची तारीख असे रकाने आखावेत. ‘उल्लंघन आढळले नाही’ हे उत्तर बहुतेकांना अंतिम वाटते. ते तसे नसते. पुष्कळ व्यासपीठांवर फेरतपासणी मागता येते आणि युरोपीय संघात निर्णयानंतर किमान सहा महिने ती सोय उपलब्ध ठेवावी लागते. फेरतपासणीत तोच मसुदा पुन्हा चिकटवू नये. पहिल्यांदा कोणता वर्ग निवडला होता ते पाहून तो चुकला असल्यास बदलावा, आणि पोलीस तक्रारीचा क्रमांक मिळाला असल्यास तो जोडावा.

पुरावा दोन ठिकाणी साठवला, व्यासपीठाची पोचपावती मिळाली आणि पोलिसांनी संवाद चालू ठेवण्यास सांगितलेले नाही, या तिन्ही गोष्टींची खात्री झाली की ब्लॉक करावे. केवळ एका ॲपवर नव्हे तर फोन, ईमेल आणि इतर सर्व खात्यांवर एकाच वेळी करावे, कारण एक वाट बंद झाली की माणूस दुसरी शोधतो.

मजकूर हटल्यावर तो पुन्हा चढवला गेला आहे का हे पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी पाहावे. दर तासाला शोधत बसण्याने मन कुरतडले जाते आणि हाती काही लागत नाही. जमल्यास हे काम विश्वासातल्या दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवावे. पुन्हा सापडला तर नवी लिंक घेऊन, जुना तक्रार क्रमांक नमूद करून, टप्पा 3 पासून सुरुवात करावी. पुराव्याचा फोल्डर प्रकरण चालू असेपर्यंत आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत पासवर्ड लावून ठेवावा, आणि त्यानंतर पेनड्राइव्हवरची प्रत व क्लाउडवर आपोआप गेलेली प्रत, दोन्ही आठवणीने नष्ट कराव्यात.